समासातील खुणा पुसू नका

घराण्यांच्या नोंदींच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाची कच्ची मुद्रिते मध्यंतरी कार्यकारिणीच्या सभासदांना वाटण्यात आली. त्यांवर विचार करण्यासाठी सभाही भरली. परंतु त्या सभेत ना कोणत्या घराण्याच्या नोंदीवर चर्चा झाली, ना परिशिष्टांवर. सारी सभा समासांवर घसरली. प्रत्येक पानाच्या कडेला बारीक चौकटींत 'वंश-वाई', 'सनद-इनाम', 'पत्र-महिदपूर' अशी नावे छापलेली होती आणि मजकुरात जिथे जिथे 'परिशिष्ट ४ पाहा' किंवा 'प्रकरण २ मध्ये सांगितल्याप्रमाणे' असे शब्द होते, तिथे त्या आकड्यांच्या डोक्यावर तीच नावे फिकट अक्षरांत पुन्हा दिसत होती. हे पाहून आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी 'ही काय धोब्याची खूण आहे काय?' असा प्रश्न केला. सभेत हशा पिकला. लगोलग सूचना आली, की यापुढे सभासदांना आणि लेखकांना 'स्वच्छ' मुद्रितेच द्यावीत. असली कारागिरांची गचाळ चिन्हे त्यांच्यासमोर आणू नयेत. सूचना पुढील सभेपर्यंत राखून ठेवण्यात आली आहे. ती मान्य होऊ नये, यासाठीच हा लेख आहे.

आरंभीच सांगून टाकतो, की ज्येष्ठांची उपमा आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. ती धोब्याचीच खूण आहे. शंभर घरांचे कपडे एका हौदात धुतले जातात, तरी एकाचे धोतर दुसऱ्याच्या घरी जात नाही, ते कपड्याच्या कोपऱ्यावर धोब्याने घातलेल्या त्या खुणेमुळे. खूण दिसते म्हणून कपडा मळका ठरत नाही. उलट खुणा काढून टाकून सगळे कपडे सारखे शुभ्र करणारा धोबी कोणालाच परवडणार नाही. आमच्या ग्रंथात शंभर नसली तरी पुष्कळ घराणी एका हौदात आहेत आणि त्यांतील काहींची आडनावेही एकच आहेत. तेव्हा खुणा पुसण्याचा आग्रह धरण्यापूर्वी त्या कशासाठी आहेत, हे समजून घेतले पाहिजे.

ज्या वाचकांचा संगणकावरील अक्षरजुळणीशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे विवेचन करणे प्राप्त आहे. आपला ग्रंथ ज्या पद्धतीने जुळवला जात आहे तिचे नाव 'लेटेक'. तिचा पाया म्हणजे 'टेक' ही अक्षरजुळणीची आज्ञावली. अमेरिकेतील गणिती व संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथाच्या एका खंडाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये त्यांच्या हाती आली. नव्या यंत्रावरील ती जुळणी त्यांना इतकी कुरूप वाटली, की त्यांनी हातातील ग्रंथलेखन बाजूला ठेवून स्वतःच अक्षरजुळणीची आज्ञावली लिहायला घेतली. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लेटेक' उभारली. आज जगभरचे गणिताचे आणि विज्ञानाचे ग्रंथ मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने जुळवले जातात.

या पद्धतीत अंतर्गत संदर्भासाठी आकडा हाताने लिहायचा नसतो. परिशिष्ट, तक्ता, चित्र, प्रकरण यांपैकी ज्याचा पुढे उल्लेख करायचा आहे त्याला लेखकाने किंवा जुळणी करणाऱ्याने एक नाव द्यायचे. त्याला आपण 'खूणनाव' म्हणू. मजकुरात उल्लेख करताना 'परिशिष्ट ४' असे न लिहिता 'परिशिष्ट' या शब्दापुढे ते खूणनाव लिहायचे. आकडा संगणक घालतो. मध्ये एक नवे परिशिष्ट आले आणि चौथ्याचे पाचवे झाले, तर ग्रंथभर विखुरलेले सगळे उल्लेख आपोआप बदलतात. त्यासाठी संगणकाला मजकुरावरून किमान दोनदा फिरावे लागते. पहिल्या फेरीत तो आकडे टिपून ठेवतो, दुसऱ्या फेरीत ते जागच्या जागी बसवतो. ज्यांनी खिळ्यांच्या काळात 'पृष्ठ ०००' अशी शून्ये जुळवून ठेवली आणि शेवटचा फर्मा छपाईला जाताना ती भरायची राहून गेल्याचे दुःख भोगले, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

एरवी ही खूणनावे पडद्याआड राहतात. छापलेल्या पानावर केवळ आकडा दिसतो. परंतु डेव्हिड कार्लाइल यांनी तयार केलेली 'शोकीज' नावाची एक छोटी पुरवणी लेटेकच्या नेहमीच्या साधनसंचातच मिळते. ती जोडली, की ही नावे कच्च्या प्रतीवर उमटतात. जिथे नाव ठेवले आहे तिथे ते शक्यतो समासात येते आणि जिथे त्या नावाचा उल्लेख आहे तिथे ते दोन ओळींच्या मधल्या जागेत, आकड्याच्या वर येते. नॉर्मन ग्रे यांची 'शोलेबल्स' नावाची अशाच कामाची दुसरी पुरवणीही आहे. ज्या चौकटींवर सभेत एवढा गदारोळ झाला, त्या या 'शोकीज'च्या. त्या पक्क्या ग्रंथात छापल्या जाणार नाहीत. पुरवणी काढून टाकली किंवा तिच्यापुढे 'फायनल' एवढा एक शब्द लिहिला, की साऱ्या चौकटी नाहीशा होतात. म्हणजे वाद पक्क्या पानाच्या शोभेचा नाहीच. कच्च्या पानाने खरे बोलावे की नाही, याचा आहे.

आता मुख्य मुद्दा. अंतर्गत संदर्भात तीन प्रकारच्या चुका होतात. पहिली, ज्या नावाचा उल्लेख केला ते नाव ग्रंथात कुठे ठेवलेलेच नाही. अशा वेळी लेटेक आकड्याच्या जागी ठळक अक्षरांत दोन प्रश्नचिन्हे छापते. ही चूक आंधळ्यालाही दिसेल. दुसरी, एकच नाव दोन ठिकाणी ठेवले गेले. याचा इशारा संगणक देतो, परंतु तो पानावर येत नाही. जुळणीच्या वेळी पडद्यावरून भराभर सरकणाऱ्या शेकडो ओळींत तो एक ओळ होऊन वाहून जातो. तिसरी चूक मात्र सर्वांत घातक. नाव आहे, एकाच ठिकाणी आहे, आकडाही बरोबर बसला आहे, पण लेखकाला जे अभिप्रेत होते ते हे नव्हे. 'परिशिष्ट ४' लिहायचे होते तिथे 'परिशिष्ट ५' आले आणि पाचवे परिशिष्टही ग्रंथात आहेच. संगणकाच्या दृष्टीने इथे काहीच चुकलेले नाही, म्हणून तो मुकाट राहतो. मुद्रितशोधकाच्याही डोळ्याला काही खटकत नाही, कारण '५' हा आकडा '४' इतकाच सभ्य आणि नीटनेटका दिसतो. प्रश्नचिन्ह ओरडून सांगते, चुकीचा आकडा गोड हसून फसवतो.

ही तात्त्विक भीती नव्हे. या ग्रंथाच्या पहिल्या भागात ही चूक घडली आणि तिची किंमत आपल्यातीलच एका कुटुंबाने मोजली. नावे सांगण्याचे कारण नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. एकाच आडनावाची दोन घराणी. एक दक्षिण कोकणातून आलेले, दुसरे वाईच्या बाजूचे. दोन्ही होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आली आणि इथलीच झाली. दोघांच्या वंशावळी लागोपाठच्या परिशिष्टांत होत्या. जुळणीच्या वेळी त्यांना 'वंश-१' आणि 'वंश-२' अशी नावे दिली गेली आणि कुठल्याशा फेरफारात एका नोंदीतील '१' चे '२' झाले. वाईच्या घराण्याच्या नोंदीखाली 'कुलदैवत व मूळ गाव यांसाठी परिशिष्ट ५ पाहा' असे छापले गेले आणि पाचव्या परिशिष्टात होते कोकणातले घराणे.

त्या घरातील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांच्या घरी कुलदैवताचे नाव दोन पिढ्यांपूर्वीच विसरले गेले होते, ग्रंथ हाती येताच हरखून गेले. नातवाच्या मुंजीपूर्वी कुलदेवतेची ओटी भरून यावी, म्हणून ते सहकुटुंब कोकणात गेले. देवळातील गुरवाने आस्थेने चौकशी केली आणि शेवटी सांगितले, की या आडनावाचे लोक येतात खरे, पण ते तुमच्या गोत्राचे नव्हेत. तुमचे देवस्थान दुसरे असले पाहिजे. आल्यासारखी त्यांनी ओटी भरली. परत आल्यावर ते मंडळात आले. तक्रार म्हणून नव्हे. पान उघडून त्यांनी एवढेच विचारले, 'हे तुम्ही वाचून छापले होते ना?'

होय, वाचून छापले होते. ते पान आम्ही स्वतः दोनदा तपासले होते. ऱ्हस्वदीर्घ पाहिले, 'ळ'च्या जागी पडलेले 'ल' काढले, शेंडीफोड्या 'श'च्या जागी मराठी 'श' घालून घेतला. परिशिष्ट ५ आहे की नाही, तेही पाहिले. होते. मुद्रित अत्यंत स्वच्छ होते. समासात एकही खूण नव्हती. ज्या स्वच्छतेची मागणी आज होत आहे, तिची चव आम्ही घेतलेली आहे. पुन्हा घेण्याची इच्छा नाही.

आपण ज्या गावात राहतो तिथल्या परिस्थितीचाही विचार केला पाहिजे. पुण्या-मुंबईत जुळणी करणाराही मराठी असू शकतो आणि एखादा संदर्भ विपरीत वाटला तर तो निदान लेखकाला विचारतो. इंदुरात आपले काम करणारा तरुण हिंदीभाषक आहे. विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि गणिताची पुस्तके जुळवण्यात त्याचा हात बसलेला आहे, परंतु मराठी मजकूर तो अक्षरांवरून जुळवतो, अर्थावरून नव्हे. ती चूक त्याला दाखवली तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, 'काकाजी, मेरे लिए तो दोनों वंश ही थे.' त्याचा काय दोष? मजकुराचा अर्थ ज्याला लागत नाही त्याच्या हाती आपण 'वंश-१' आणि 'वंश-२' दिले आणि ज्यांना अर्थ लागतो त्या आपल्यासमोर नुसता '५' ठेवला. ज्ञान एका बाजूला आणि खूण दुसऱ्या बाजूला. दोघांची भेट कुठेच झाली नाही. समासातील खूणनाव ही भेट घडवते. जुळणी करणाऱ्याच्या मनातले, म्हणजे त्याच्या फाइलीतले जे काही असेल, ते मराठी जाणणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांसमोर आणून ठेवते. बडोद्यात, हैदराबादेत, ग्वाल्हेरीत मराठी ग्रंथ जुळवून घेणाऱ्यांची अवस्था याहून वेगळी असेल असे आम्हांला वाटत नाही.

इथे आमच्याच बाजूची एक उणीव कबूल केली पाहिजे. नुसती खूण दाखवून भागत नाही. नावही बोलके हवे. त्या वेळी समासात चौकटी छापल्या असत्या, तरी नोंदीच्या आकड्यावर 'वंश-२' दिसले असते आणि वंशावळीशेजारीही 'वंश-२'च दिसले असते. दोन्ही जुळतात म्हणून आम्ही पुढचे पान उलटले असते. तेच नाव 'वंश-कोकण' असते, तर वाईच्या घराण्याच्या नोंदीत ते पाहताच पेन्सिल थांबली असती. म्हणून खूणनावात आकडा कधीही घालू नये. आकडा हे स्थान आहे, आणि स्थान बदलते. नाव हे वस्तूचे असावे. 'सनद-३' नव्हे, तर ज्या इनामाची सनद त्याचे नाव. 'पत्र-१२' नव्हे, तर 'पत्र-महिदपूर'.

कोणी म्हणेल, की ही परदेशी यंत्राची थेरे आहेत, मराठी ग्रंथपरंपरेत हे कधी नव्हते. आमच्या मते हे अज्ञान आहे. जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की पानाच्या समासात ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि पत्रांक लिहिण्याची रीत होती. पोथीची पाने सुटी असत. दोन पोथ्यांची पाने मिसळली तर त्या समासातील अक्षरांवरूनच ती वेगळी काढता येत. गाळलेला शब्द समासात लिहून ओळीत काकपदाची खूण केली जाई. चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपल्याला त्यातूनच मिळाला. पोथीतला तो हरताळ चुकीवर फासला जाई. आज हरताळ फासायला निघालो आहोत तो चूक दाखवणाऱ्या खुणेवर.

छापील ग्रंथांकडे पाहू. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढला आणि पुढे खंडामागून खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पत्रांचा हवाला आजही अभ्यासक खंड आणि लेखांक सांगून देतात. पृष्ठाची वाट पाहत नाहीत. पान पुनर्मुद्रणात बदलेल, लेखांक पत्राला चिकटलेला आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याच्या नोंदींच्या शेवटी 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदी सुचवलेल्या असतात, त्या नोंदीच्या नावाने, पानाच्या आकड्याने नव्हे. वर्णानुक्रमाने चाललेल्या आणि वर्षानुवर्षे निघत राहणाऱ्या कोशात पुढच्या खंडातील पान आधी कोणाला ठाऊक असणार? नाव मात्र ठाऊक असते. वस्तूला नावाने बांधा, स्थानाने नको, हे तत्त्व आपल्या संपादकांनी संगणकाची वाट न पाहता अंगी बाणवले होते. समासातील चौकट त्याच तत्त्वाची आजची चाकर आहे.

आता आक्षेपांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप, पान विद्रूप दिसते. दिसते, मान्य आहे. पण मुद्रित हे शोभेसाठी काढलेले नसते. लग्नघरी स्वयंपाकाच्या जागी डोकावून 'इथे केवढा पसारा' म्हणणाऱ्या पाहुण्याला घरातील बाई काय उत्तर देईल, ते आम्ही सांगायला नको. शिवाय ज्यांना मोठा त्रास होतो त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. 'शोकीज'ला रंगाचा पर्याय दिला तर नावे फिकट होतात. मजकुरातील उल्लेखांवरची नावे तेवढी बंद करून समासातील ठेवता येतात. मात्र आम्ही तो मधला मार्ग केवळ चित्रांच्या विभागापुरता स्वीकारू. वंशावळी आणि सनदा यांच्या बाबतीत दोन्हीकडची नावे दिसलीच पाहिजेत, कारण चूक उल्लेखाच्या जागी होते, समासाशेजारी नव्हे.

दुसरा आक्षेप, लेखक गोंधळतात. लेखक म्हणजे आपल्याच घरांतील माणसे. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी वकील, कोणी बँकेतून निवृत्त झालेले. ज्यांनी मोडी दप्तरे वाचून नोंदी लिहिल्या, त्यांना चौकटीतील 'सनद-इनाम' वाचता येणार नाही, असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. मुद्रितासोबत चार ओळींची सूचना द्या. समासातील नाव आणि आकड्यावरचे नाव आपल्याला अभिप्रेत वस्तूचेच आहे ना, एवढे पाहायला सांगा. आमचा अनुभव असा, की ज्या दोन-तीन लेखकांना हे समजावून सांगितले त्यांनी शुद्धलेखनाआधी संदर्भच तपासले.

तिसरा आक्षेप थोडा नव्या पिढीचा आहे. संगणकावरील प्रतीत आकड्यावर बोट ठेवले, की ते परिशिष्ट आपोआप उघडते. मग समासात नावे कशाला? ते परिशिष्ट उघडते, हे खरे. पण चुकीच्या नावावरून चुकीचेच परिशिष्ट तितक्याच तत्परतेने उघडते. आणि शेकडो उल्लेखांवर एकेक बोट ठेवून परत येत कोण बसणार? ज्यांच्या नजरेला घराण्यांचा इतिहास पाठ आहे ते बहुतेक सभासद सत्तरीपुढचे आहेत आणि कागदावर, पेन्सिलीने वाचतात. कागदाला बोट लावून पान उलटत नाही. त्यांच्यासाठी खूण कागदावरच हवी.

चौथा आक्षेप असा, की चौकटींमुळे पानांची मांडणी बिघडते आणि कच्च्या प्रतीवर तपासलेले पक्क्या प्रतीत हलते. यात अंशतः तथ्य आहे. मूळ मांडणीत कमीत कमी फरक पडावा अशाच रीतीने ही पुरवणी नावे छापते. तरी अरुंद समासात लांब नाव कडेला कापले जाऊ शकते आणि तक्त्याच्या दाटीत ते मजकुरावर चढू शकते. म्हणून ओळी कुठे तुटतात, पान कुठे संपते, एखादे शीर्षक पानाच्या तळाशी एकटे राहिले काय, हे पाहण्यासाठी शेवटचे एक वाचन स्वच्छ प्रतीवर झालेच पाहिजे. त्याला आमचा विरोध नाही. आमचा आग्रहच आहे. परंतु तो क्रम उलटा करू नये. आधी सत्य, मग शोभा.

पाचवा आक्षेप भीतीचा आहे: चुकून चौकटींसह ग्रंथ छापला गेला तर? तसे झाले तर आमची नाचक्की होईल, ग्रंथाची नव्हे. वाचक हसतील, पण कोणीही चुकीच्या देवळात जाणार नाही. दोन संकटांतून एक निवडायचे तर आम्ही कोणते निवडू, हे स्पष्ट आहे. शिवाय चौकटी राहिल्या तर पहिल्याच पानावर दिसतात. चुकीचा संदर्भ पाचशे पानांत दडून बसतो.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती कोणी सभेत मांडली नाही, म्हणून आम्हीच मांडतो. ही साधने रोमन लिपीच्या जगात वाढली. 'शोकीज' आपली नावे टंकलेखन यंत्राच्या वळणाच्या रोमन टंकात छापू पाहते. त्या टंकात देवनागरी अक्षरे नसली, तर समासात नावाऐवजी रिकामी चौकट उमटते. आपल्या पहिल्या प्रतीत तेच झाले. म्हणून जुळणी करणाऱ्या तरुणाने नावे रोमन लिपीत घालण्याचा सल्ला दिला होता. आम्ही तो मानला नाही. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेल्या 'झीटेक'पासून या कुळातील आज्ञावली युनिकोडातील देवनागरी सरळ स्वीकारतात. खूणनावही देवनागरीत देता येते. समासातील नावाचा टंक ठरवणारी एक ओळ बदलली, की ते सुरेख दिसते. ही एक ओळ लिहायला त्या तरुणाला पाच मिनिटे लागली. रोमन लिपीतील 'वाई' आणि 'वय' यांत घोटाळा होण्यापेक्षा पाच मिनिटे बरी. नावांत रिकाम्या जागा आणि विशेष चिन्हे टाळावीत, जोडरेघ पुरेशी आहे, एवढे पथ्य पाळले की झाले.

आणि जिथे असे कोणतेही साधन नाही? आपल्या त्रैमासिकाची जुळणी अजूनही साध्या पद्धतीनेच होते. तिथे आकडे हातानेच घातले जातात. तिथे पेन्सिल आहे. पहिल्या मुद्रितावर प्रत्येक 'मागे पाहा' आणि 'पुढे पाहा' यांच्याशेजारी, समासात, कशाकडे पाहायचे ते शब्दांत लिहून ठेवावे आणि शेवटच्या मुद्रितापर्यंत ते शब्द पुढे उतरवत न्यावेत. कष्ट अधिक, तत्त्व तेच.

सभेपुढे आमची मागणी तीन कलमांची आहे. ग्रंथाच्या अखेरच्या मुद्रितापूर्वीच्या सर्व प्रती समासातील खूणनावांसह काढाव्यात. खूणनावे मराठीत, वस्तूची ओळख सांगणारी आणि आकड्यांविना असावीत, आणि त्यांची यादी जुळणी करणाऱ्याने नव्हे तर संपादकांनी करावी. आणि प्रत्येक घराण्याच्या नोंदीचे मुद्रित त्या घराण्यातील एका तरी जाणत्या व्यक्तीने, चौकटींसह, वाचून सही केल्याशिवाय ते पान पक्के धरू नये.

तिसऱ्या कलमाने वेळ लागेल, ग्रंथ लांबेल, असे म्हटले जाईल. लांबू द्या. आपले पूर्वज इथे येऊन दोनशे वर्षे होत आली, काहींची त्याहून अधिक. मूळ गाव कोणते, देव कोणता, हे विचारायला ज्यांच्याकडे जायचे ती माणसे एकेक करून निघून जात आहेत. उद्या ज्या घरात हे सांगणारे कोणी उरणार नाही, तिथे हा ग्रंथच सांगणार आहे आणि त्यातील 'परिशिष्ट ५ पाहा' या तीन शब्दांवर कोणीतरी गाडीचे तिकीट काढणार आहे.

ते वृद्ध गृहस्थ दुसऱ्या भागाचे मुद्रित वाचायला तयार झाले आहेत. त्यांच्या घराण्याच्या दुरुस्त नोंदीची प्रत आम्ही त्यांना चौकटींसहच दिली. भिंगातून पाहत त्यांनी आकड्यावरील 'वंश-वाई' वाचले, मग परिशिष्टाचे पान काढून समासातील 'वंश-वाई' वाचले, आणि खाली सही केली.